टेपचं दुसरं टोक

जे लिहायला बसलोय ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, देवासमोर हात जोडून उभा असतानाही नाही. तिथेही मी पोरीच्या लग्नाचं आणि गुडघेदुखीचं बोलतो आणि चपला घालून परत येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. निदान मी स्वतःला असंच समजावलंय. ते कितपत खरं आहे ते शेवटी बघू.

मी जालना जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत बांधकाम विभागात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. जालन्याहून एसटीने दीड तास लागतो, एवढं पुरे. रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत. कुणाला आपल्या शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे असले की तो आमच्याकडे प्रस्ताव टाकतो — सातबारा, मोजणीचा नकाशा, जमीन पिवळ्या पट्ट्यात म्हणजे वस्तीसाठी ठेवलेल्या भागात आहे असा दाखला, आणि आर्किटेक्टने काढलेला आराखडा. तो गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. मोकळी जागा ठरल्याइतकी सुटली आहे का, गटाराचं पाणी कुठे जाणार, आतले रस्ते कुठे निघणार, आणि मुख्य म्हणजे बाहेरून तिथवर पोचणारा रस्ता पुरेसा रुंद आहे का, हे मी बघतो. मी बरोबर म्हटलं की फाईल वर जाते.

आणि मी सहजासहजी बरोबर म्हणत नाही. ऑफिसात मला मागे 'मिलिमीटर' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि — आता लपवून काय करू — ते ऐकून मला बरं वाटायचं. "आठ मीटर नव्वद म्हणजे नऊ मीटर नाही," हे वाक्य माझं. चहाच्या टपरीवर माझी नक्कल करताना तेच म्हणतात, चष्मा नाकावर ओढून. माझ्या फायलीत खाडाखोड नसते. सव्वीस वर्षांत एका आकड्यावर रेघ मारून बाजूला दुसरा लिहिलाय असं एक पान कुणी दाखवू शकलं नसतं. लोक मुलांचे फोटो दाखवतात तसं मी माझं पाहणीचं रजिस्टर दाखवायचो.

हा गर्व लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते ह्यातून झालं. ह्यात पैसा नव्हता. कुणाचा दबाव नव्हता. असता तर आज मला बोट दाखवायला निदान एक माणूस तरी मिळाला असता.

आमच्या खात्यातली एक रीत सांगावी लागेल. स्थळपाहणीचा अहवाल आम्ही स्थळ पाहायच्या आधी लिहितो. हसू नका. आराखड्यावरून सगळे आकडे उतरवून घ्यायचे, फॉर्म तयार ठेवायचा, मग जागेवर जाऊन जुळवून बघायचं आणि सही करायची. बहुतेक वेळा जुळतं. नाही जुळलं तर रेघ मारायची, खरा आकडा लिहायचा, बाजूला छोटी सही करायची. साधं काम आहे. दोन मिनिटांचं.

फक्त त्या वेळी मी सहीसुद्धा आधीच करून बसलो होतो. मुख्याधिकारी सुट्टीवर निघाले होते, सात-आठ फायली एकदम वर द्यायच्या होत्या, आणि त्यातली एक पारसशेटची होती. पारसशेट म्हणजे राजस्थानातून आलेल्या घराण्यातली इथली तिसरी पिढी, सरकीचा आणि कापसाचा व्यापार, बोलायला मऊ माणूस. त्यांची सहा एकर जमीन होती, जालना रोडवरून आत गेल्यावर. तिथवर जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला त्यांच्याच बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची पडकी भिंत, आणि उजव्या हाताला कौसाबाईंची गिरणी. रस्ता नऊ मीटर हवा होता. आराखड्यात नऊ मीटर होता. मी नऊ मीटर लिहिलं, सही केली, फाईल वर पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन जुळवायला गेलो.

कौसाबाईंबद्दल सांगायला हवं. मी टाळतोय, कळतंय मला.

नवरा गेल्यावर ह्या बाईने पिठाची गिरणी एकटीने चालवली. पुढच्या खोलीत चक्की, मागे घर, आणि दारापुढे दगडमातीचा लांब ओटा. त्या ओट्यावर दळणाचे डबे रांगेने लागलेले असायचे — स्टीलचे, पत्र्याचे, पिवळे पडलेले प्लास्टिकचे, काही तर एकाच दुकानातून घेतलेले, हुबेहूब सारखे. कुठल्याही डब्यावर चिठ्ठी नाही, खूण नाही. कौसाबाईंना लिहिता-वाचता येत नाही. पण हा डबा कुणाचा, त्यात ज्वारी का बाजरी का गहू, कुणाला बारीक लागतं, कुणाच्या घरी म्हातारी माणसं आहेत म्हणून भाकरीचं पीठ अजून एकदा फिरवायचं — सगळं डोक्यात. पन्नास-साठ डबे. कधी चूक नाही. बायका मुद्दाम झाकणं बदलून बघायच्या तिची गंमत करायला. ती नुसता डबा उचलायची आणि कुणाचा ते सांगायची. ह्या गोष्टीचा तिला अभिमान होता, माझ्या रजिस्टरासारखाच. फरक एवढाच की तिचा खरा होता.

आमच्या घरचं दळणही तिथेच असायचं. म्हणजे ओळख होती. ती मला सायब म्हणायची, आणि मी तिला नुसतं बाई.

त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला माझ्याबरोबर कुणी नव्हतं. आमचा शिपाई निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेला होता. अशा वेळी आम्ही जागेवर जो दिसेल त्याला सांगतो, जरा एवढं धरा. कौसाबाई ओट्यावर डबे लावत होती, भुवयांवर पीठ. मी म्हटलं, बाई, जरा एवढं धरता का. ती उठली आणि — हे मला फार छळतं — आधी पदराला दोन्ही हात स्वच्छ पुसले तिने. सरकारी वस्तूला पीठ लागू नये म्हणून.

तिने ओट्याच्या कडेला, रस्त्याच्या बाजूने, टेपची कडी धरली. मी भिंतीपर्यंत गेलो आणि वाचलं.

आठ मीटर वीस.

परत ताणलं. आठ वीस. पाच पावलं पुढे जाऊन तिसऱ्यांदा मोजलं. आठ मीटर एकोणीस. उन्हात उभा राहून मी त्या आकड्याकडे बघत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे ती वर गेलेली फाईल होती. ती परत मागवायची. साहेबांना सांगायचं की मी न मोजता सही केली. नऊवर रेघ मारायची. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याला खाडाखोडीवरून मी सगळ्या ऑफिससमोर झापलं होतं, त्याची फाईल टेबलावर आपटली होती. आता तो माझी फाईल बघणार. टपरीवर काय होईल?

एवढंच. एवढ्यासाठी. तुम्हाला वाटत असेल, ह्याहून मोठं काहीतरी असणार. मीही किती वर्षं शोधतोय. नाही सापडत.

निदान टेपवर तरी नऊ दिसावं म्हणून मी तिला म्हटलं, "बाई, जरा मागं सरा. ओट्यावर चढा. आणखी मागं. हां — उंबऱ्याला लावा."

"उंबऱ्याला लावू?" तिने विचारलं.

"हो. उंबऱ्याला."

तिने वाकून कडी उंबऱ्याला लावली आणि अंगठ्याने दाबून धरली. मी वाचलं — नऊ मीटर एक. तिला ओरडून सांगितलं, बरोबर नऊ भरलं. ती हसली. तिला वाटलं तिने काही चांगलं केलं. पुढे कितीतरी दिवस दळणाला येणाऱ्या बायकांना ती सांगायची की रस्त्याची मोजणी झाली तवा टेप मीच धरला व्हता. कागदावर तिचा ओटा त्या दिवशी रस्ता झाला होता, आणि ते तिच्याच हातून करून घेतलं होतं मी.

तेव्हा मला ह्याचं काही वाटलं का? खरं सांगायचं तर थोडा वेळच. मी मनात म्हटलं, ऐंशी सेंटिमीटर, कोण येतंय बघायला. आठ मीटर नव्वद म्हणजे नऊ नाही म्हणणारा मी.

दोन वर्षं कुणी आलं नाही. मधल्या काळात कौसाबाईच्या मुलाने, दत्ताने, ओटा नवा केला. दत्ता जालन्याला स्टीलच्या कारखान्यात जातो, पहाटेच्या गाडीने. आई पंधरा दिवस लेकीकडे टेंभुर्णीला गेलेली असताना त्याने जुन्या दगडांवर शहाबादी फरशी बसवून घेतली, आईला परत आल्यावर दाखवायची म्हणून. ही फरशी पुढे माझ्या फार उपयोगी पडली.

मग पारसशेटच्या ले-आऊटला अंतिम मंजुरीची वेळ आली. तोवर निम्म्याहून जास्त प्लॉट गेले होते. अंतिम मंजुरीला रस्ता नुसता कागदावर चालत नाही, जमिनीवर नऊ मीटर काँक्रीट दिसावं लागतं, दोन्ही बाजूंना नाली. शेटनी आपल्या बाजूची पडकी भिंत पाडून त्याच रेषेत नवी बांधली, नाली केली. मग काम उजवीकडे आलं आणि तिथे ऐंशी सेंटिमीटर कमी पडलं. मंजूर नकाशात जागा आहे, जागेवर ओटा आहे. म्हणजे ओटा अतिक्रमण. नोटीस निघाली. नोटिशीचा मसुदा माझ्याच टेबलावर झाला.

नोटीस घेऊन ती माझ्याकडेच आली. दुसरीकडे कुठे जाणार होती? ओळखीचा सायब मीच. तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि उत्तर लिहून द्या म्हणाली. मी लिहायला घेतलं. ओटा जुना आहे, विधवा आहे, गिरणीवर पोट आहे, सहानुभूतीने विचार व्हावा. ती म्हणाली, टेप उंबऱ्याला व्हता ते बी लिहा, तुमाला तर ठाव हाये. मी मान खाली घालून म्हटलं की त्याची गरज नाही, ते सुनावणीत येईल. तिने विश्वासाने अंगठा उठवला.

आता सुनावणी. इथवर आलो म्हणजे पुढे जावंच लागेल.

मुख्याधिकारी बदलून आल्या होत्या. मॅडम तरुण, कडक, पण न्यायाने वागणाऱ्या. त्यांनी घाई केली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. टेबलाच्या एका बाजूला पारसशेट, समोर कौसाबाई आणि रजा टाकून आलेला दत्ता, आणि कोपऱ्यात फाईल घेऊन मी. मॅडमनी नकाशा उलगडला, माझा अहवाल वाचला आणि विचारलं, मोजणीच्या वेळी बाई हजर होत्या का.

"मीच टेप धरला व्हता," कौसाबाई म्हणाली. अभिमानाने म्हणाली. "सायबानं सांगितलं उंबऱ्याला लावा, म्या उंबऱ्याला लावला. ओटा तवाबी व्हता."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सरळ विचारलं — टेप कुठे लावला होता?

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी सगळं माझ्या हातात होतं. एक शब्द. उंबऱ्याला. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? मला नोटीस मिळाली असती. एखादी वेतनवाढ थांबली असती. टपरीवर चार दिवस हसले असते. पारसशेटचं काम दोन महिने लांबलं असतं. आणि ह्या बाईचं — पण मी ते बोललो नाही.

मी म्हणालो, "ओट्याच्या कडेला, मॅडम. ओटा नंतर वाढवलेला दिसतोय. फरशी नवी आहे."

दत्ता ताडकन उभा राहिला. म्या बोटभरबी वाढवला न्हाई, म्हणाला, जुन्या दगडावरच फरशी टाकली, आईची शपथ. त्याचा आवाज चढला तसं मॅडमनी त्याला बसायला सांगितलं. पण मी दत्ताकडे बघत नव्हतो. मी कौसाबाईकडे बघत होतो. मला वाटलं ती ओरडेल. मला शिव्या घालेल, बोट नाचवून सगळ्यांसमोर खोटारडा म्हणेल. त्याची माझी तयारी होती. पण ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. हिशेब चुकल्यावर माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजतो ना, तशी. ओठ हलत होते तिचे. मग तिने दत्ताकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

मग हळूच म्हणाली, "माझं पोरगं लबाड बोलत न्हाई. सायबबी लबाड बोलणार न्हाईत." आणि थोडं थांबून, "मंग माझंच डोकं गेलं असंन."

मॅडमनी तिला पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. ती म्हणाली की सायब म्हणतेत तसंच असंन, मीच इसरले.

तेव्हाही बोलू शकलो असतो. वाक्य संपल्यावर, निकाल लिहिला जाताना, जिन्यात, गेटपाशी. मी फाईलची दोरी बांधत होतो. दोरीची गाठ मी दोनदा सोडून बांधली.

बाहेर टपरीवर पारसशेटनी माझ्या हातात चहा दिला. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, साहेब, बाईचं वाईट वाटलं. रस्ता कमी भरतोय हे तेव्हा पहिल्या मोजणीतच कळलं असतं, तर मी माझ्या बाजूनं सोडली असती की जागा. भिंत नाहीतरी पाडायचीच होती, चार फूट मागं बांधली असती. सहा एकरांत चार फुटांचं काय घेऊन बसलात?

चहा गरम होता. मी तो तसाच प्यालो. तोंड भाजलं. कळलं का तुम्हाला? एक रेघ मारली असती तर कुणाचंच काही गेलं नसतं. कुणाचंच नाही. ज्याचं काम अडेल म्हणून मी घाबरलो असं पुढे स्वतःला सांगत आलो असतो, तो माणूस स्वतःच मला सांगत होता की त्याला काहीच अडचण नव्हती. माझ्या हातून ते निमित्तही गेलं.

आठ दिवसांनी जेसीबी आला. पंधरा मिनिटांत ओटा गेला. मी हजर राहायला हवं होतं, नियमाप्रमाणे. मी घनसावंगीला काम काढून निघून गेलो. नंतर ऐकलं की कौसाबाईने सकाळीच सगळे डबे आत नेऊन ठेवले होते आणि जेसीबीवाल्याला पाणी दिलं होतं.

ओटा गेल्याने गिरणी बंद पडली असती असं नाही. डबे दाराच्या आत लागले असते. बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या असत्या. लोक जुळवून घेतात. बंद पडली ती दुसऱ्या कारणाने.

सुनावणीनंतर कौसाबाई डबा उचलायची आणि थांबायची. आतून सुनेला हाक मारून विचारायची, सविता, ही ज्वारी देशमुखांचीच ना गं? सून म्हणायची, हो. बरोबर असायचं. दर वेळी बरोबर असायचं. पण तरी पुढच्या डब्याला परत हाक. मग तिने सुनेकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, डब्यांना दोऱ्याने बांधल्या. पण चिठ्ठी तिला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी वाचायला पुन्हा सून. दहा मिनिटांच्या दळणाला तास लागू लागला. आलेल्या बाईलाच विचारायची, तुमचं बारीक का जाडं? वीस वर्षं ज्यांचं दळलं त्यांना. बायका आधी हसल्या, मग वैतागल्या, मग एकेक करून बसस्टँडजवळच्या गिरणीत जाऊ लागल्या. कौसाबाई आता इसरते, असं गावात झालं. एकही डबा चुकला नव्हता. मी चौकशी केलीय. एकसुद्धा नाही.

सगळ्यात आधी गिरणी बदलली ती मी. सुनावणीच्या दुसऱ्याच आठवड्यात. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो की पीठ जाडं येतंय. ती म्हणाली, कौसाबाईचं? आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पेपर उघडला.

पुढच्या वर्षी चक्की विकली. दत्ता तिला जालन्यात, स्टेशनकडच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी काय विचारलं, तिने काय सांगितलं, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की आपल्याला झालेल्या गोष्टी उलट्या आठवतात असं तिने सांगितलं, आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ. ती नेमाने घेते. दत्ता बिचारा न चुकता आणतो. नसलेल्या दुखण्याच्या गोळ्या एक शहाणी बाई पाच वर्षं खातेय, आणि ते दुखणं मी तिला दिलंय, भरल्या सुनावणीत, अगदी शांत आवाजात.

हे एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प राहून मेलो असतो. पण ती माझ्याकडे येते.

ऑफिसात येते. बाजाराच्या दिवशी, पिशवी घेऊन. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसते आणि विचारते. सायब, आज बुधवारच ना? सायब, जिनिंगचा भोंगा बंद होऊन किती साल झाले, पंधरा का? सायब, नदीवरचा पूल आधी झाला का शाळा? ती विचारते आणि तिचं उत्तर आधीच सांगते, आणि उत्तर बरोबर असतं. मी म्हणतो, हो बाई, बरोबर. तिचा चेहरा सुटतो. तुमच्या ध्यानात राहतं सगळं, म्हणते, मला तुमचा आधार हाये. समजतंय तुम्हाला? तिने स्वतःचं डोकं सोडलं आणि माझ्यावर भरवसा ठेवला. माझ्यावर.

मागच्या महिन्यात आली तेव्हा जाताना दाराशी थांबली. म्हणाली की रागावू नका, एक विचारते. बाकी सगळं बराबर आठवून राह्यलंय, पण ते एकच उलटं येतं. उंबऱ्यापाशी वाकल्याचं दिसतं. अंगठ्याखाली टेप गार लागला ते बी आठवतं. अंगठा दाखवला तिने मला.

"टेप कडेलाच व्हता ना, सायब?"

समोरच्या टेबलावर कुणी नव्हतं. मॅडमची बदली होऊन गेली. पारसशेटचे प्लॉट विकून झाले, तिथे घरं उठली, त्या रस्त्याने रोज शाळेच्या गाड्या जातात. आता कुणाला काय फरक पडला असता? फक्त आम्ही दोघं होतो आणि ती अंगठा पुढे करून उभी होती.

मी म्हणालो, "हो. कडेलाच."

तिने मान हलवली. गोळी वाढवून घ्यावी लागंन म्हणाली, आणि गेली.

त्या दिवसापासून भाकरी खाताना पीठ तोंडात फिरत राहतं. रात्रंदिवस तो अंगठा दिसतो. सव्वीस वर्षांच्या स्वच्छ पानांचं ते रजिस्टर आता मी कुणाला दाखवत नाही. चौदा महिन्यांनी मला शाल-नारळ देतील, आणि कुणीतरी उठून सांगेल की ह्यांच्या फायलीत कधी खाडाखोड झाली नाही. मी तिथे बसून ते ऐकणार आहे. मला ठाऊक आहे मी ऐकून घेणार.

तर लिहितो. टेप उंबऱ्याला होता. कडेला आठ मीटर वीस भरत होतं, म्हणून मी तुम्हाला मागे सरकवलं, कौसाबाई. तुम्ही विचारलंत, उंबऱ्याला लावू? मी हो म्हणालो. तुम्ही वाकलात, अंगठ्याने दाबून धरलात. तुम्हाला सगळं बरोबर आठवतं. तेव्हाही आठवत होतं. दत्ता खोटं बोलला नव्हता. मी बोललो, दोनदा.

सुरुवातीला म्हटलं होतं की तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ते खरं नाही. मी लिहून सांगतोय, कारण कौसाबाईंना वाचता येत नाही. लिहायला बसण्याआधीच मला ते माहीत होतं.